घरातल्या सगळ्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न कमी खर्चात कसं भरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिटर्नचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे साधारण हेच प्रश्न येतात. ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. वेगळं काही नमूद केलं नसेल तिथे आकडे आणि फॉर्म आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चे आहेत. दरवर्षी फॉर्मच्या अटींत थोडाफार बदल होतो, म्हणून तुमच्या वर्षाची फॉर्मसोबतची सूचनापत्रिका एकदा नजरेखालून घाला.

१. नवरा-बायको, आई-वडील सगळ्यांचं मिळून एकच रिटर्न भरता येतं का?

नाही. आपल्याकडे रिटर्न कुटुंबाचं नसतं, पॅनचं असतं. ज्याचं उत्पन्न, त्याचं रिटर्न. हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर त्याचाही पॅन वेगळा आणि रिटर्नही वेगळं.

म्हणून खर्चाचा विचारही माणसागणिक करा. "आमच्या घरातली चार रिटर्नं आहेत, सगळी मिळून किती घ्याल?" असं विचारलं की चारही रिटर्नांना सारखाच भाव लागतो. त्यातली तीन बहुतेक वेळा अर्ध्या तासात घरी होण्याजोगी असतात आणि एखादंच खरं किचकट असतं. पैसे त्या एकावर खर्च करा.

२. सरकारी पोर्टलवर रिटर्न भरायला किती फी लागते?

काहीही नाही. रिटर्न भरणं, आधार ओटीपीने पडताळणी, सुधारित रिटर्न, परताव्याची चौकशी, सगळं फुकट. सध्याचं पोर्टल ७ जून २०२१ पासून सुरू आहे. पत्ता इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधून गेलात तर वर जाहिरातीतली खासगी संकेतस्थळं दिसतात आणि काहींचा थाट सरकारी वाटावा असाच असतो. अडलं तर १८०० १०३ ००२५ ही विभागाची टोल-फ्री मदतवाहिनी आहे.

३. आमचा कर शून्य येतो. तरी रिटर्न भरायचं का?

कर शून्य येणं आणि रिटर्न भरायची गरज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत नेमकी इथेच होते. नव्या करप्रणालीत (नवी-जुनी यांतला फरक प्रश्न ६ मध्ये) ७ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो कलम ८७अ च्या सवलतीमुळे. रिटर्नची सक्ती मात्र ३ लाखांच्या मूळ मर्यादेपुढे सुरू होते. म्हणजे साडेपाच लाख उत्पन्न असलेल्याला कर नाही, पण रिटर्न आहे. (आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी हेच आकडे १२ लाख आणि ४ लाख आहेत.)

उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही काही वेळा रिटर्न सक्तीचं असतं. वर्षभरात परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च, विजेचं बिल १ लाखाच्या वर, बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा, टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांसाठी ५०,०००) ही त्यातली नेहमीची कारणं. आणि सक्ती नसली तरी बँकेने टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवायला रिटर्नशिवाय रस्ता नाही.

४. माझा फॉर्म कुठला? आणि त्याचा खर्चाशी काय संबंध?

सगळा संबंध त्याच्याशीच आहे. खासगी संकेतस्थळांचे आणि सल्लागारांचे दर फॉर्मनुसार चढत जातात, म्हणून आधी आपला फॉर्म ओळखा.

आयटीआर-१, म्हणजे 'सहज': निवासी व्यक्ती, एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, एक घर, व्याज वगैरे, आणि शेतीचं उत्पन्न फार तर ५,००० रुपये. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरचा कलम ११२अ चा दीर्घकालीन नफा १.२५ लाखांच्या आत असेल तर तोही यातच बसतो. हा बदल फार लोकांच्या कामाचा आहे. आदल्या वर्षापर्यंत हजार-दोन हजारांच्या नफ्यासाठीही आयटीआर-२ भरावा लागायचा.

आयटीआर-२: त्यापलीकडचा भांडवली नफा (शेअर, घर, जमीन विकून झालेला), एकाहून जास्त घरं, परदेशी मालमत्ता, कंपनीचं संचालकपद.

आयटीआर-३: धंदा-व्यवसायाचं हिशेबाच्या वह्यांवर आधारलेलं उत्पन्न.

आयटीआर-४, म्हणजे 'सुगम': अंदाजित पद्धतीने उत्पन्न दाखवणारे छोटे व्यावसायिक (प्रश्न ११).

माझं मत विचाराल तर पहिला फॉर्म स्वतः भरा, दुसरा पहिल्या वर्षी कुणाला तरी दाखवून भरा, चौथा वाचून-समजून स्वतः करता येतो आणि तिसऱ्यासाठी पैसे मोजा.

५. मला फॉर्म १६ मिळतो, बाकी काही नाही. खरंच स्वतः जमेल का?

जमेल. आकडे पोर्टलने आधीच भरून ठेवलेले असतात. तुमचं काम ते ताडून पाहण्याचं.

आधी तीन कागद काढा: कंपनीचा फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, तो १५ जूनपर्यंत मिळायला हवा), फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. शेवटचे दोन पोर्टलवरच मिळतात. फॉर्म १६ मधला पगार आणि पोर्टलने भरलेला पगार जुळतो का ते बघा. मग एआयएस उघडून व्याजाच्या ओळींवर या. तिथे तुम्ही विसरलेलं खातं हमखास भेटतं: जुन्या नोकरीतलं पगार खातं, त्यावर पडलेलं १,८४३ रुपये व्याज. रक्कम किरकोळ आहे म्हणून सोडू नका. विभागाला ती दिसतेच आहे.

मग परतावा ज्या खात्यात हवा ते खातं पोर्टलवर प्रमाणित आहे का ते तपासा, रिटर्न पाठवा आणि लगेच आधार ओटीपीने पडताळणी करा. 'नंतर पडताळणी करू' हा पर्याय निवडून लोक विसरतात. मुदत ३० दिवसांची असते. ती उलटली की पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते आणि वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं ठरू शकतं.

एक इशारा. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ लागतील. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आणि करमाफ मर्यादा आपापल्या परीने धरलेली असते. दोन्ही पगार एकत्र केले की कर निघतो. तो 'ई-पे टॅक्स'मधून भरा आणि मगच रिटर्न पाठवा.

६. जुनी करप्रणाली घ्यायची की नवी? हे विचारायला तरी सल्लागार लागेलच ना?

लागत नाही. पोर्टलवर दोन्ही पद्धतींची तुलना करणारं गणनयंत्र मोफत आहे. तुमच्या वजावटी (घरभाडे भत्ता, ८०क खालची विमा-पीएफसारखी बचत, ८०ड खालचा आरोग्य विमा, गृहकर्जाचं व्याज, व्यवसाय कराचे २,५०० रुपये) टाका आणि कुठे कर कमी येतो ते पाहा. नव्या प्रणालीत यातल्या बहुतेक मिळत नाहीत. पगारावरची प्रमाणित वजावट मात्र तिथे ७५,००० आहे, जुनीत ५०,०००.

नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. पगारदार माणूस ती रिटर्नमध्येच निवडतो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. दोघांनाही मुदतीचं बंधन आहे (प्रश्न १६).

जुनी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. आता ८०क, ८०ड साठी पॉलिसी क्रमांकासारखे तपशील विचारतात. पूर्वी नुसता आकडा टाकला की भागायचं.

७. खासगी संकेतस्थळं 'मोफत रिटर्न' म्हणतात. मग पैसे कुठे घेतात?

मोफत असतं ते बहुधा साधं आयटीआर-१. दुसरा फॉर्म १६, भांडवली नफा, 'तज्ज्ञाची मदत' असं काही आलं की पॅकेज बदलतं आणि हे तुम्हाला अर्धं भरून झाल्यावर कळतं. किमतीवर १८ टक्के जीएसटीही असतो, तो धरलाय का ते पाहा.

तरीही ती सरसकट टाळा असं मी म्हणणार नाही. शेअर-म्युच्युअल फंडांचे पन्नास व्यवहार ब्रोकरच्या फाइलमधून एका झटक्यात आत घेता येत असतील तर ते पैसे वसूल आहेत. दोन गोष्टी मात्र बघा: ते विभागाकडे नोंदणी झालेले ई-रिटर्न मध्यस्थ आहेत का, आणि पगाराची, गुंतवणुकीची माहिती कर्ज-विम्याच्या विक्रीसाठी वापरायची संमती तुमच्याकडून गुपचूप घेत तर नाहीत ना. ती चौकट बहुतेक वेळा आधीच टिक केलेली असते.

८. सीएकडे कधी जावं आणि गेल्यावर काय विचारावं?

घर किंवा जमीन विकली, परदेशातून पगार किंवा शेअर मिळाले, धंद्याला ऑडिट लागतं, नोटीस आली, अनिवासी भारतीय झालात किंवा परत आलात, एफ अँड ओ, म्हणजे शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार केले: अशा वेळी जा. घर विकताना तर व्यवहार करण्याआधी जा. रिटर्न भरताना गेलात तर कर वाचवायच्या मुदती निघून गेलेल्या असतात.

फी पाच-सातशेपासून काही हजारांपर्यंत काहीही असते, म्हणून आधीच विचारा: फीत काय काय धरलंय? रिटर्ननंतर नोटीस आली तर उत्तर देण्याचे वेगळे पैसे का? रिटर्न पाठवण्यापूर्वी गणनपत्रक, म्हणजे उत्पन्नाचा आणि कराचा हिशेब, मला दाखवणार का? या तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेणाऱ्याकडे जाऊ नका.

साध्या रिटर्नसाठी गावातले कर सल्लागारही चालतात, सीएच हवा असं नाही. आणि सगळं कामच द्यायला हवं असंही नाही. स्वतः भरलेलं रिटर्न 'मसुदा' म्हणून ठेवून तासाभराचा सल्ला घेता येतो.

९. ऑफिसमध्ये एक जण येतो, पूर्ण टीडीएस परत मिळवून देतो आणि परताव्याच्या काही टक्के घेतो. घ्यावा का फायदा?

नाही. हा सगळ्यात महाग मार्ग आहे, फक्त बिल उशिरा येतं.

वजावट मागण्यासारखं काही नसताना पूर्ण टीडीएस परत येतो तो खोट्या वजावटींमुळे: न दिलेलं घरभाडं, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज, कुणाचंतरी आजारपण. जुलै २०२५ मध्ये विभागाने देशभर अशा एजंटांवर पडताळणी मोहीम उघडली. तेव्हा पुढे आलेली एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: एजंट रिटर्नं भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल उघडतात आणि मग ते सोडून देतात. नोटीस त्या बेवारशी पत्त्यावर जाते, तुम्हाला पत्ताच नसतो.

चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड त्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, व्याज वेगळं. आणि सही तुमची असते, एजंटची नव्हे. पूर्वी कुणी असं भरून दिलं असेल तर प्रश्न १७ पाहा.

१०. सल्लागाराला पासवर्ड देणं सुरक्षित आहे का?

बहुतेक जण देतात. द्यायचाच असेल तर काम झाल्यावर बदला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'माय प्रोफाइल' उघडून तिथला मोबाइल आणि ई-मेल तुमचाच आहे ना ते आत्ताच बघा. आई-वडिलांच्या खात्यांत हे हमखास सापडतं: सात वर्षांपूर्वीच्या सल्लागाराचा नंबर अजून तसाच.

११. मिस्टरांचं किराणा दुकान आहे, वह्या नीट नाहीत. दरवर्षी सीएला बरीच फी जाते.

उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ८ टक्के उत्पन्न धरता येतं. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. तपशीलवार वह्या ठेवाव्या लागत नाहीत, फॉर्म आयटीआर-४, तोही पोर्टलवर मोफत. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी ४४एडीए आहे. तिथे ५० लाखांपर्यंतच्या पावत्यांवर ५० टक्के.

दोन सापळे आहेत. विमा एजंटचं कमिशन किंवा दलाली ४४एडीमध्ये बसत नाही. आणि एकदा यात शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. जीएसटीतली उलाढाल आणि इथली उलाढाल जुळायला हवी, हे वेगळं सांगायला नको.

१२. बाबा ७८ वर्षांचे, फक्त पेन्शन आणि एफडीचं व्याज. त्यांच्यासाठी काही सूट?

कलम १९४पी आहे. वय ७५ किंवा अधिक, उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेत फॉर्म १२बीबीए द्यायचा. बँकच कर कापते, रिटर्न भरावं लागत नाही. 'त्याच बँकेतलं' हे मात्र अक्षरशः घ्या. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना असली, दुसऱ्या बँकेत एक एफडी असली की ही सोय गेली. त्यामुळे प्रत्यक्षात ती फार थोड्यांच्या उपयोगी पडते.

मग आयटीआर-१ भरा. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर ८०टीटीबीखाली ५०,००० पर्यंत वजावट आहे, नव्यात नाही, तेव्हा तुलना करूनच निवडा. ८० च्या पुढच्यांना आयटीआर-१ आणि ४ अजूनही कागदावर देता येतो. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर ते 'इतर स्रोत' मध्ये दाखवायचं, पगारात नाही.

१३. मी बायकोच्या नावाने एफडी केली. तिचं रिटर्न वेगळं भरू ना?

पैसे तुम्ही दिलेले असतील तर त्या व्याजावर कर तुमच्याच उत्पन्नात (कलम ६४). तिच्या स्वतःच्या कमाईची, माहेरहून मिळालेल्या पैशाची एफडी असेल तर तिच्या.

गुंता पुढे आहे. टीडीएस तिच्या पॅनवर कापला गेलाय आणि उत्पन्न तुमच्याकडे येतंय, अशा वेळी तुम्हाला आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. संयुक्त एफडीतही हेच होतं: बँक सगळं व्याज पहिल्या नावावर नोंदवते. म्हणून नवी एफडी करताना ज्याचे पैसे त्याचं नाव पहिलं ठेवा. फॉर्म बदलण्याची आणि फीची दोन्ही कटकट वाचते.

१४. लहान मुलीच्या खात्यावर व्याज येतं. तिचं रिटर्न?

नाही. ते आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं. जुन्या प्रणालीत मुलामागे १,५०० रुपये सूट आहे. बालकलाकारासारखी स्वतःच्या कौशल्याची कमाई याला अपवाद.

१५. शाळेत शिक्षिका आहे, मागच्या तीन वर्षांची थकबाकी एकदम मिळाली आणि कर खूप कापला. कुणाकडे जाऊ?

बहुधा कुणाकडेच नाही. कलम ८९ ची सवलत याचसाठी आहे. पोर्टलवर फॉर्म १०ई भरायचा, तोही मोफत. त्यात कुठल्या वर्षाची किती थकबाकी हे लागतं, म्हणून शाळेकडून वर्षवार तक्ता मागून घ्या. क्रम चुकवू नका: आधी १०ई, मग रिटर्न. उलटं केलंत तर सवलत नामंजूर होऊन मागणी येते.

१६. मुदत चुकली तर? नंतर भरलं की भागत नाही का?

भागतं, पण विलंब शुल्क ५,००० रुपये (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००), आणि कर बाकी असेल तर वर व्याज. सीएची फी वाचवायला चालढकल केली आणि त्याहून जास्त विलंब शुल्क भरलं, असे लोक दरवर्षी भेटतात. शिवाय जुनी करप्रणाली निवडता येत नाही आणि शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. वजावटी मोठ्या असतील तर हा दुसरा फटका शुल्काहून कितीतरी मोठा बसतो.

मूळ तारीख ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती आधी १५ आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली, म्हणून दरवर्षी लांबेलच असं धरून चालू नका.

१७. भरलेल्या रिटर्नमध्ये चूक सापडली. पुन्हा पैसे देऊन करून घ्यावं लागेल?

सुधारित रिटर्न मोफत आहे आणि कितीही वेळा देता येतं. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, ४८ महिन्यांपर्यंत. त्यात जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो, आणि परतावा मागायला किंवा वाढवायला ते वापरता येत नाही. एजंटने खोट्या वजावटी टाकल्या असतील तर नोटिशीची वाट न पाहता स्वतःहून दुरुस्त करा. या एका कामासाठी सीएची फी खुशाल द्या.

१८. शेती नावावर आहे, पगारही आहे. शेतीवर कर नाही, मग दाखवायची कशाला?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते ५,००० च्या वर गेलं तर बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना मोजलं जातं आणि फॉर्म आयटीआर-२ होतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांपुढे असेल तर जमिनीचा तपशीलही मागतात: जिल्हा, क्षेत्रफळ, मालकीची की कराराची, बागायत की जिरायत. सातबारा आणि विक्रीच्या पट्ट्या हाताशी ठेवा.

१९. वडील नोव्हेंबरमध्ये वारले. त्यांचं रिटर्न कोण भरणार, की आता गरजच नाही?

एप्रिलपासून निधनाच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर दाखवायचं, रिटर्न वारसाने भरायचं. त्यापुढचं व्याज-भाडं ज्या वारसाला मिळालं त्याच्या उत्पन्नात. त्यासाठी वारसाने स्वतःच्या लॉगिनमधून 'प्रतिनिधी' म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. न्यायालयाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र, यांतला एखादा चालतो. पेन्शनचं प्रमाणपत्र असेल तर तेच जोडा. वारस दाखल्यासाठी हेलपाटे मारावे लागत नाहीत. नोंदणीला मंजुरी यायला काही दिवस जातात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. फी याही कामाला नाही.